वाक्य मध्येच कुठे तुटतं? सांधायचं कसं आणि कधी तसंच ठेवायचं

सप्टेंबर जवळ आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर कागदांची गर्दी होते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते, तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, आणि शाळा सुटल्यापासून सलग मराठी न लिहिलेल्या माणसावर ती लिहायची पाळी येते. शब्द बरोबर असतात, ऱ्हस्व-दीर्घही बऱ्यापैकी. तरी लोक लिफ्टपाशी उभं राहून कागद दोनदा वाचतात आणि शेवटी वॉचमनला विचारतात, "म्हणजे नक्की करायचंय काय?"

गडबड वाक्याच्या सांध्यात असते. सुरुवात एका रचनेत होते, शेवट दुसऱ्याच रचनेत. वाक्यातल्या शब्दांचे एकमेकांशी असलेले संबंध म्हणजे अन्वय. तो मध्येच मोडला की अन्वयभंग. सूचना, अर्ज, बातमी यांत ही सरळ चूक आहे. कथेत, नाटकात, कुणाचं बोलणं जसंच्या तसं उतरवताना मात्र हीच गोष्ट जाणूनबुजून करतात. ग्रीक वक्तृत्वशास्त्रापासून तिला अॅनाकोल्युथन असं नावही आहे. इथे दोन्हींची कृती दिली आहे. आधी सांधणं, मग तोडणं, हा क्रम बदलू नका. सांधता न येणाऱ्याने 'शैली' म्हणून तोडलेलं वाक्य लगेच ओळखू येतं.

## आधी तयारी

मजकूर कागदावर काढा. फोनच्या पडद्यावर लांब वाक्याचं डोकं वर सरकून जातं आणि शेपूट तेवढं दिसतं. मग दोघांचं जमतंय का ते कळणार कसं?

मजकुराची जात ठरवा. वाचून कुणाला काही करायचं असेल (पैसे भरणं, हजर राहणं, कागद जोडणं), तर त्यातला प्रत्येक भंग दुरुस्त करायचा, अपवाद नाही. कुणाचा तरी आवाज ऐकू यावा म्हणून मजकूर लिहिला असेल, तर त्याला टप्पा ८ लागू.

बोलून टाइप केलेला मजकूर असेल तर पूर्णविराम सहसा नसतातच. ते आधी टाका. निम्मे भंग तिथेच उघडे पडतात, कारण ती मुळात दोन वाक्यं असतात.

> सावधान: शुद्धलेखन सर्वात शेवटी. रचना बदलली की प्रत्यय बदलतात, शब्द जातात-येतात. आधी घातलेले काने-मात्रे फुकट जातात.

## १. क्रियापदाला गोल करा आणि तिथून मागे या

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. वाक्याच्या तोंडाशी 'सभासदांनी' असं लिहिलं की त्या 'नी'ने शेवटचं क्रियापद बांधून ठेवलेलं असतं. मध्ये तारीख, वेळ, कंसातला खुलासा, 'तसेच', 'त्याचप्रमाणे' असं सगळं येऊन जातं आणि लिहिणारा 'नी' विसरतो. म्हणून सुरुवातीपासून वाचून भंग सापडत नाही. वाचतानाही आपण तसेच विसरतो.

प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाभोवती गोल काढा. मग त्याला विचारा: हे कुणी करायचं? उत्तराच्या शब्दाखाली रेघ मारा. आता फक्त गोल आणि रेघ असलेले दोन शब्द जोडून मोठ्याने वाचा. 'सभासदांनी … भरतील.' कानाला लगेच खटकतं. मधले तीस शब्द असताना खटकत नव्हतं.

> तपासा: रेघ मारायला शब्दच सापडत नसेल तर कर्ता गायब आहे. दोन शब्द सापडत असतील तर एका वाक्यात दोन वाक्यं घुसली आहेत.

## २. कर्त्याचा प्रत्यय आणि क्रियापद यांची जोडी जुळवा

सर्वात जास्त चुका इथे होतात. सोसायटीच्या सूचनांपुरत्या चार जोड्या लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ काम होतं:

- सभासद … भरतील / भरतात
- सभासदांनी … भरावी / भरली
- सभासदांना … भरावी लागेल / भरता येईल
- सभासदांकडून … वसूल केली जाईल

एका ओळीचं डोकं आणि दुसरीचं शेपूट जोडलं की भंग झाला.

दुसऱ्या ओळीत आणखी एक काटा आहे. तिथे क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. 'सभासदांनी थकबाकी भरावे' चूक, कारण थकबाकी 'ती' आहे: भरावी. 'गाड्या आवारात लावाव्यात', 'नळ बंद ठेवावेत'. पण कर्मालाच 'ना' लागला की क्रियापद कुणाचंच ऐकत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं: 'मुलांना गच्चीवर एकटे सोडू नये', 'कुत्र्यांना साखळीने बांधावे'.

भूतकाळात मुंबईची खास चूक म्हणजे 'त्याने बोलला', 'तिने हसली', 'त्याने मला भेटला'. कानावर दिवसभर 'उसने बोला' पडत असतं, त्याचा हा परिणाम. मराठीत बोलणे, भेटणे, विसरणे, शिकणे ही क्रियापदं 'ने' घेत नाहीत, मग त्यांना कर्म असो वा नसो: तो बोलला, तो मला भेटला, ती छत्री विसरली. 'माझ्या मुलीने दहावी पास झाली' हेही त्याच कुळातलं. पास 'होणं' आहे, 'करणं' नाही. म्हणून 'मुलगी पास झाली'.

'मी' आणि 'तू' फसवतात, कारण त्यांना 'ने' दिसतच नाही. 'मी अर्ज केला' यात 'ने' लपलेला आहे. म्हणून 'मी आणि माझा भाऊ अर्ज केला' लिहिताना हात अडखळत नाही. 'मी'च्या जागी 'तो' किंवा 'त्याने' घालून बघा. 'त्याने अर्ज केला', मग 'मी आणि माझ्या भावाने अर्ज केला'.

> उगाच दुरुस्त करू नका: 'सभासदांनी वेळेत थकबाकी भरणे बंधनकारक आहे' हे वाक्य बरोबर आहे. तिथे 'सभासदांनी भरणे' हा सगळा मिळून एक गठ्ठा आहे आणि बंधनकारक तो गठ्ठा आहे.

याच टप्प्यावर संबोधन तपासा. वर 'सभासदांनी', मध्ये 'आपली गाडी', खाली 'तुमच्यावर कारवाई' असं एकाच कागदावर नको. त्यातही 'आपण' जपून वापरा. त्यात लिहिणारा स्वतः आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

## ३. 'ऊन', 'ताना' आणि 'असून'

'भरून', 'तपासून' यांतल्या 'ऊन'चा नियम साधा: आधीची आणि नंतरची क्रिया एकाच माणसाची हवी. 'फॉर्म भरून पावती दिली जाईल.' भरणारा अर्जदार, देणारा कारकून. इथे 'फॉर्म भरून दिल्यावर पावती मिळेल' असं हवं. 'ल्यावर'ला दोन वेगळे कर्ते चालतात, 'ऊन'ला चालत नाहीत. 'कागदपत्रे तपासून अर्जदाराने सही करावी' यावर तर काउंटरशी भांडण होऊ शकतं: तपासायचे कुणी?

अपवाद आहे आणि बातम्या लिहिणाऱ्यांना तो रोज लागतो. 'भिंत पडून दोघे जखमी', 'पाऊस पडून चिखल झाला' ही वाक्यं धडधाकट आहेत. पहिली घटना आपोआप घडलेली आणि दुसरीचं कारण असेल, तर कर्ता बदललेला चालतो.

'ताना'च्या बाबतीत 'कोण?' हा प्रश्न विचारा. 'हिंदमातावरून जाताना पाणी साचले होते.' पाणी कुठे चाललं होतं? 'हिंदमातावरून जाताना आम्हाला पाणी साचलेले दिसले.' जाणारा माणूस वाक्यात कुठेतरी दिसला पाहिजे, 'आम्हाला' अशा रूपात दिसला तरी पुरे.

'असून' चुकीचा नाही, पण तो लोकलच्या डब्यांमधल्या कपलिंगसारखा आहे; लावत गेलं की गाडी लांबतच जाते आणि मोटरमनला शेवटचा डबा दिसत नाही. कार्यालयीन मराठीत एका वाक्यात तीन-तीन 'असून' सर्रास सापडतात. एका वाक्यात एक, ही मर्यादा घाला. दुसरा दिसला की त्याच्या जागी 'आहे' आणि पूर्णविराम. बहुतेक वेळा दुसरं काहीही करावं लागत नाही.

## ४. जोडीतला दुसरा शब्द शोधा

जो–तो, जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जितका–तितका, जर–तर, जरी–तरी. पेनाने पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत बाण काढा. बाण हवेत थांबला की भंग.

लक्षात ठेवायला सोपं: जोडीतला पहिला शब्द गाळला तर बहुधा चालतं, दुसरा गाळला की लेखी वाक्य लंगडतं. 'पाऊस थांबला तर निघू' ठीक. 'जर पाऊस थांबला, आपण निघू' हे मराठी नव्हे. 'ज्या सभासदांनी अद्याप फोटो दिलेले नाहीत, कार्यालयात संपर्क साधावा' यात 'त्यांनी' हवंच.

आणखी दोन गोष्टी. 'जरी'ची गाठ 'परंतु'शी मारू नका. 'जरी अर्ज वेळेत दिला होता, परंतु…' ही दोन वाक्यांची अर्धी-अर्धी जुळवणी आहे. आणि वकिली नोटिशीत 'ज्याअर्थी' पाच वेळा आला असेल, तर पान उलटून 'त्याअर्थी' आलाय का ते बघा. तो न येताच सही झालेली असते.

## ५. चौकट दोनदा बंद झालीय का?

वार्तांकनातला नेहमीचा भंग: 'अधिकाऱ्यांनी सांगितले की, तलावांत पुरेसा साठा असल्याने पाणीकपात केली जाणार नाही, असे ते म्हणाले.' 'की' उघडला तेव्हाच सांगणारा येऊन गेला. शेवटी तो पुन्हा हजर. दोन्हींपैकी एक ठेवा. वाक्य छोटं असेल तर 'की', लांब असेल तर 'असे … सांगितले'. मला दुसरा पर्याय आवडत नाही, कारण बोलणारा कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, पण व्याकरणाच्या दृष्टीने तो निर्दोष आहे.

सूचनांमधला याचा भाऊ म्हणजे 'कळविण्यात येते की … याची नोंद घ्यावी'. सुरुवातीला आपण कळवतो, शेवटी नोंद घ्यायला सांगतो. एक काढा. दोन्ही काढले तरी सहसा काही बिघडत नाही.

## ६. याद्या एका साच्यात आणा

'गच्चीवर कपडे वाळत घालणे, कुंड्या ठेवू नयेत व मुलांना खेळण्यास मनाई आहे.' तीन बाबी, तीन साचे, आणि पहिली बाब तर परवानगीसारखी वाचली जाते. संस्कृत काव्यशास्त्रात भग्नप्रक्रम नावाचा दोष सांगितला आहे, तो अशाच जातीचा: ज्या क्रमाने, ज्या रूपात सुरुवात केली ते मध्येच सोडणं.

एका बाबीचं शेवटचं रूप निवडा (इथे 'ठेवू नयेत') आणि बाकीच्यांना तेच द्या: 'गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत, कुंड्या ठेवू नयेत, मुलांनी खेळू नये.'

## ७. एक सूचना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

हा नमुना मी जुळवलेला आहे, पण वाचून ओळखीचा वाटेल.

> सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मंगळवार दि. १४ रोजी पाण्याच्या टाक्या साफ करण्याचे काम असून ज्या सभासदांच्या घरी साठवणीची सोय नाही, आदल्या रात्री पाणी भरून ठेवतील व सकाळी ८ ते दुपारी २ पर्यंत नळ उघडे राहिल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही याची नोंद घ्यावी.

गोल करा: येते, असून, नाही, ठेवतील, राहणार नाही, घ्यावी. एका वाक्यात सहा. रेघा मारा. 'ठेवतील'ला कर्ता नाही. 'ज्या सभासदांच्या' इथून निघालेला बाण हवेत आहे. 'कळविण्यात येते की' आणि 'नोंद घ्यावी' अशी दुहेरी चौकट आहे. 'जबाबदार' आहे, पण कशाला जबाबदार ते नाही.

शिवाय कागदावर कुठेही 'पाणी बंद राहील' असं लिहिलेलंच नाही. वेळ दिलीय, ती नळांच्या वाक्यात अडकलीय. पाणी जाणार हे लिहिणाऱ्याच्या मनात इतकं पक्कं होतं की ते सांगायचंच राहून गेलं. तुटलेल्या वाक्यांत असं फार होतं, म्हणून दुरुस्ती करताना विचारायचं: मुख्य बातमी काय, आणि ती कुठल्या क्रियापदात आहे?

> मंगळवार दि. १४ रोजी पाण्याच्या टाक्या साफ करण्यात येणार आहेत. सकाळी ८ ते दुपारी २ पर्यंत पाणी बंद राहील. सभासदांनी आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे. या वेळेत नळ बंद ठेवावेत. नळ उघडा राहून नुकसान झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.

साठवणीची सोय असणं-नसणं मी काढून टाकलं. पाणी सगळ्यांनाच भरायचं आहे. शेवटच्या वाक्यातला 'राहून' टप्पा ३ मधल्या अपवादात बसतो, म्हणून ठेवला.

> तपासा: दुरुस्त केलेला कागद दुसऱ्या कुणाला तरी एकदाच वाचायला द्या आणि विचारा, "काय करायचं?" त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं तर टप्पा १ वर परत या.

## ८. मुद्दाम तोडायचं असेल तर

आता उलट काम. दादरच्या फलाटावर फोनवर बोलणाऱ्या बाई ऐका:

"अगं मी काय म्हणते, तो जो परवा आला होता ना, बदलापूरचा, त्याच्या बहिणीला — थांब, गाडी आली, फास्ट आहे का हो ही? — तर ती म्हणे तयार आहे."

'बहिणीला' असं सुरू झालेलं वाक्य 'ती'वर संपलं. 'ला'चं देणं फिटलंच नाही. पण कुणालाही काही अडत नाही, कारण वाक्य का तुटलं ते समोर दिसतंय आणि कोण तयार आहे तेही कळतंय. हेच व्याकरणशुद्ध करून बघा: 'परवा आलेल्या बदलापूरच्या मुलाची बहीण तयार असल्याचे समजते.' बाई गेल्या, फलाट गेला, हातात तार आली.

तोडण्याआधी तीन कामं करा.

पूर्ण वाक्य बाजूला लिहा. 'त्याच्या बहिणीला विचारलं, ती तयार आहे.' हे लिहिता आलं तरच तोडा. येत नसेल तर तुम्हालाच काय म्हणायचंय ते ठरलेलं नाही.

कारण ठरवा. वाक्य आपोआप तुटत नाही. गाडी येते, कुणी आत येतं, राग अनावर होतो, एखादं नाव घ्यायचं नसतं. 'किंग लिअर'मधला म्हातारा राजा मुलींना धमकी देता देता मध्येच वाक्य सोडून दुसरं धरतो, कारण नेमकं काय करणार ते त्यालाच ठाऊक नसतं. तिथे भंग म्हणजेच त्याची हतबलता.

चिन्ह निवडा. वाक्य झटक्यात तुटून दिशा बदलत असेल तर अपसारणचिन्ह, म्हणजे लांब आडवी रेघ. आवाज विरत जात असेल तर लोपचिन्ह, म्हणजे तीन टिंबं. तीनच, सहा टिंबांनी दुःख दुप्पट होत नाही. आणि एका जागी दोन्ही चिन्हं नकोत.

लिहिताना एका बोलण्यात एकच भंग ठेवा, फार तर दोन. प्रत्यक्षात माणसं याहून कितीतरी जास्त तोडून बोलतात, पण कागदावर ते सगळं आणलं की पात्र बावळट वाटायला लागतं. भंगाच्या आधीचं आणि नंतरचं निवेदनाचं वाक्य धडधाकट ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की लेखक शुद्धीवर आहे. आकडा, तारीख, रक्कम किंवा अट असलेलं वाक्य कधीही तोडू नका, पात्राच्या तोंडीसुद्धा; कथेचा धागा त्यावर असतो.

## ९. दुसऱ्याचा मजकूर हाती आला असेल तर

तुटल्यासारखी दिसणारी पण न तुटलेली वाक्यं ओळखा, नाहीतर चांगल्या मजकुराची वाट लागते.

'सांगितलं होतं मी तुला' यात क्रियापद पुढे आलंय, बस्स. अन्वय शाबूत आहे. 'आता जर का पुन्हा माझ्या दारात…' ही अर्धवट सोडलेली धमकी आहे. रचना बदललेली नाही, फक्त संपवलेली नाही. तिथे 'तर' घालायला जाऊ नका, टप्पा ४ धमक्यांना लागू नाही. 'आमचे काका, त्यांना काही सांगायची सोय नाही' यात काका आधी एकटे उभे केलेत आणि मग 'त्यांना' म्हणून वाक्यात आणलेत. बोली मराठीची ही रोजची चाल आहे. संवादात आणि ललित लेखनात ती राहू द्या, अर्जात मात्र 'काकांना' करा.

मुलाखत किंवा पोलिसांतली फिर्याद उतरवताना 'म्हणजे', 'ते काय झालं', 'माहितीये का' हे काही प्रमाणात गाळायला हरकत नाही. पण बोलणाऱ्याने जिथे रचना बदलली तिथे त्याचा विचारही बदललेला असू शकतो. 'मी त्यांना पैसे — पैसे तर घरातूनच गेले होते' हे सांधून 'मी त्यांना घरातले पैसे दिले' करणं म्हणजे न दिलेली कबुली लिहून देणं. फिर्यादीवर सही सांगणाऱ्याची असते, लिहिणाऱ्याची कलाकुसर तिथे कामाची नाही. वाक्य जसं तुटलं तसं रेघ देऊन लिहा. अर्थाबद्दल शंका आली तर त्यालाच विचारा, उत्तर पुढच्या नव्या वाक्यात घ्या, मागचं खोडू नका. आणि सही घेण्याआधी सगळं त्याला सावकाश वाचून दाखवा.